कंदांनी भरलेली शवपेटी

३ सप्टेंबर, मंगळवार

रविवारी म्हातारा अमोआको मेला आणि तेव्हापासून टेचिमानच्या कंदबाजारात दुसरा विषय नाही. अमोआको म्हणजे रेडिओवरच्या मालिकेतला कोकोचा मळेवाला. दोन बायका, एक भाऊ, बक्कळ जमीन. कुटलेल्या कसाव्याचा फुफू आणि शेळीचा रस्सा जेवला, अंघोळीच्या आडोशात गेला, आणि थोरली बायको बादली द्यायला गेली तर स्टुलावर बसल्या बसल्या गार. मारला कोणी? दर रविवारी संध्याकाळी सातला पुढचा भाग. बुधवारी लोकांनी फोन करून आपापला संशय सांगायचा. सगळं गाव पोलीस झालंय.

अक्राचे ट्रक भरता भरता आम्हा हमालांत प्रत्येकाचा एक खुनी. झिएम माझ्या खोलीतला, उत्तरेतला, आमच्याच नांदोमकडचा. तो म्हणतो म्हातारा मेलेलाच नाही.

‘मग स्टुलावर कोण बसलंय, तुझा बाप?’ एकानं विचारलं.

‘जुळा भाऊ असेल. रेडिओवर काय दिसतंय तुला?’

मी मात्र गप्प होतो, कारण मालिकेतल्या धाकट्या बायकोचं, कोनाडूचं, काम जी करते ती दुफी मला रोज जेवायला वाढते. आमच्या रांगेच्या टोकाला तिची खाणावळ आहे. हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण मला ते जास्त माहीत आहे.

वही नवी घेतली. गावच्या फादरनी सांगितलं होतं, पोरेकू, सहावीत शाळा सोडलीस ते सोडलीस, रोज दोन ओळी लिही, नाहीतर अक्षरं विसरशील. रोज जमणार नाही. काही घडलं तर लिहीन. इथे काही घडतच नाही, ही माझी तक्रार आहे.

८ सप्टेंबर, रविवार

आज सुरुवातीला मागच्या रविवारचा प्रसंग पुन्हा लावला, आणि मला एक गोष्ट ऐकू आली जी अख्ख्या गावाला आली नाही. थोरली बायको किंचाळते त्याच्या आधी, मागे कुठेतरी, भांडं घासल्याचा आवाज येतो. खस्स खस्स खस्स. मग किंकाळी. म्हणजे म्हातारा मेल्याचं कळायच्या आधीच कोणीतरी रश्श्याचं भांडं घासून टाकत होतं. झिएमला सांगितलं तर म्हणाला, झोप आता.

१० सप्टेंबर, मंगळवार

दुफीला भांड्याचं विचारलं. ती इतकी हसली की पळी खाली पडली.

‘अरे उत्तरेकडच्या, ती भिंतीपलीकडे रखवालदाराची बायको भांडी घासत होती! अजेनिम दहा वेळा ओरडला तिच्यावर, ऐकेल तर शपथ.’

अजेनिम म्हणजे मालिका लिहिणारा, आणि बुधवारी फोन घेणाराही तोच. दुफी आज काळजीत होती. अजेनिमने तिला सांगितलंय की महिनाअखेरीला कोनाडू माहेरी निघून जाईल, काम संपलं. ‘ज्याच्यावर कोणी संशय घेत नाही त्याला मी कशाला पोसू’, असं म्हणाला.

‘मग काय करायचं?’ मी म्हणालो.

‘तू घे की माझ्यावर संशय. तोंड दिलंय ना देवानं? रेडिओवर येते म्हणून ती मागची म्हातारी मला या घरात राहू देते. नाहीतर केव्हाच माझं गाठोडं रस्त्यावर आलं असतं.’

मागची म्हातारी म्हणजे तिची सासू, फोफी. दुफीचा नवरा ताची तीन वर्षांपूर्वी पोट फुगून सरकारी दवाखान्यात वारला. घर त्याच्या आईच्या गोताचं, तिथे शब्द त्याच्या मामांचा. दुफी समुद्राकडची, इथे तिचं कोणी नाही. खाणावळीचं छप्पर त्या घराच्या भिंतीला टेकलेलं. भिंत गेली की छप्पर गेलं, आणि छप्पर गेलं की पोट.

तिने मला मांसाचा एक तुकडा जास्त वाढला. तिची मान मागून फार सुंदर दिसते. ही वही झिएमला वाचता येत नाही, बरं आहे.

११ सप्टेंबर, बुधवार

मी रेडिओवर बोललो!

अजेनिम म्हणाला, ‘कोण?’ मी म्हणालो, ‘कंदबाजारातून पोरेकू.’ तो म्हणाला, ‘वा, उत्तरेकडचे पाहुणे! बोला, पण आमच्या भाषेचे हातपाय मोडू नका.’ मागे लोक हसल्याचा आवाज येतो तो अजेनिम बटण दाबून आणतो, दुफीनं सांगितलंय. तरी माझे कान तापले. मग मी भांड्याचं सांगितलं. किंकाळीच्या आधी घासलं. घरात भांडी कोण घासतं? धाकटी. मग ती निरागस कशी?

मग अजेनिम हळूच म्हणाला, ‘अरे देवा.’

नंतरचे सगळे फोन भांड्यावर. एक बाई म्हणाली तिलाही ऐकू आलं होतं, पण बोलायला भीती वाटली. एक शिक्षक म्हणाले हा मुलगा शिकला असता तर मोठा वकील झाला असता. मुळात तो आवाज कसला हे मला माहीत आहे. पण खरं म्हणजे रखवालदाराची बायको नेमकी त्याच वेळी का घासत होती? रोज त्याच वेळी घासते का? ह्याचा कोणी विचार केलाय?

१५ सप्टेंबर, रविवार

कोनाडू माहेरी जात नाही. आजच्या भागात पोलीस तिला विचारतो, ‘भांडं कधी घासलंस?’ माझा प्रश्न! माझा! बाजारात मला आता डिटेक्टिव म्हणतात. कंदबाजाराची राणीआई, जिच्या शब्दाशिवाय इथे एक कंद विकला जात नाही, तिनं मला बोलावून विचारलं, ‘तूच का तो भांडंवाला?’

दुफीनं दोन तुकडे वाढले. ‘घे बाबा, खुनी बाईच्या हातचं.’ बाकावर बसायला जागा नव्हती. लांबून लांबून लोक कोनाडूच्या हातचा रस्सा खायला येतायत.

२ ऑक्टोबर, बुधवार

आता कोणीही उठतो आणि कोनाडूवर काहीतरी काढतो. एक म्हणतो ती सुतकाचं लाल कापड नेसली होती म्हणे, मेल्याचं आधीच ठाऊक असल्यासारखी. रेडिओवर कापड कसं दिसलं ह्याला? दुसरा म्हणतो तिच्या हसण्यात खोट आहे. तिसऱ्यानं तिच्या पहिल्या नवऱ्याचा शोध लावला, तो मालिकेत नाहीच. अजेनिम सगळं घेतो आणि पुढच्या भागात घालतो. दुफी मला म्हणाली, ‘मला आता बोलायला पानंच्या पानं मिळतात, रे. तुझे उपकार.’

उपकार म्हणाली. मी रात्रभर जागा होतो असं लिहिणार होतो, पण झोपलो. स्वप्न मात्र पडलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

दुपारी एक ड्रायव्हर जेवायला बसला आणि म्हणाला, ‘आधी तू चाख, कोनाडू.’ सगळे हसले. दुफीही हसली, पळीनं रस्सा घेऊन भुरका मारला. ‘बघ, मेले का?’ मग दुसरा म्हणाला मला पण चाखून दे. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत ती हसायची थांबली होती आणि लोक थांबले नव्हते.

तिची सासू हल्ली मागच्या दाराशी रेडिओ मांडीवर घेऊन बसते. बॅटरी संपेल म्हणून मालिका सोडून दुसरं काही लावत नाही. आज तिनं मलाच गाठलं.

‘ए भांडंवाल्या, इकडे ये. तुला कळतं ना यातलं? माझा ताची गेला त्या दिवशी पण हिनं भांडं लगेच घासलं होतं.’

मी म्हणालो, ‘आजी, तिची खाणावळ आहे. ती दिवसभर भांडीच घासते.’

‘तेच तर,’ म्हातारी म्हणाली. ‘कोणाच्या लक्षात येणार?’

मला म्हातारीचं कौतुक वाटलं. शाळेचं तोंड न बघता किती लांबचा विचार.

२० ऑक्टोबर, रविवार

बाकं रिकामी. आमच्यातले पण चौघे आता पलीकडे वाके, म्हणजे चवळी घातलेला भात, खातात. झिएम म्हणतो, ‘मला माहीत आहे ती रेडिओची गोष्ट आहे. पण पोट माझं आहे ना?’

मी एकटा जेवायला गेलो. बरोबर कापड घेऊन गेलो होतो, निळं, त्यावर कोंबड्या छापलेल्या. अक्राच्या ड्रायव्हरकडून मागवलं होतं. दुफीनं ते नीट बघितलंही नाही.

‘पोरेकू, बुधवारी फोन कर. सांग तो आवाज रखवालदारणीचा होता. तूच पेटवलंस, तूच विझव.’

‘पण मग तुझं काम जाईल.’

‘जाऊ दे काम. काल म्हातारीनं ताचीच्या मामांना निरोप धाडला. कळतंय का तुला?’

मी म्हणालो करतो. मग कापडाचं म्हणालो. तिनं कापड चाचपलं, माझ्याकडे बघितलं आणि हसली. वाईट नाही हसली, पण पोराला हसावं तशी. ‘अरे बाळा,’ म्हणाली. ‘हे तुझ्या आईला धाड.’ चुलीच्या मागून पण कोणीतरी हसलं. बाफोर होता, कुमासीच्या ट्रकचा ड्रायव्हर, चाळिशीचा, पोट सुटलेला. गिऱ्हाइकाच्या बाकावर नाही, आत, तिच्या स्वतःच्या स्टुलावर बसून तिच्या स्वतःच्या वाडग्यातून जेवत होता. त्याला कोणी चाखून दिलं नव्हतं.

कापड खोलीत आहे. आईला धाडणार नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

फोन केला. दिलेला शब्द मी पाळतो. अजेनिम म्हणाला, ‘ऐका ऐका, डिटेक्टिव आलेत! काय नवीन?’ मला सांगायचं होतं ते मनात पाठ होतं. पण तो म्हणाला, ‘सगळं गाव कान देऊन बसलंय,’ आणि मला ते सगळे कान दिसले. मी म्हणालो, थोरल्या बायकोला विचारा, घरात कोणी परका माणूस येऊन स्टुलावर बसत होता का. कोनाडूच्या स्टुलावर. ट्रकवाला वगैरे.

अजेनिमनं टाळ्यांचं बटण दाबलं.

मी भांड्याबद्दल वाईट काहीच बोललो नाही, हे लिहून ठेवतो. भांड्याचं नावसुद्धा काढलं नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

अजेनिम बाजारात आला होता, टाय लावून. शनिवारी म्हाताऱ्या अमोआकोची मयत काढायची! खरी शवपेटी, लाल-काळी कापडं, ढोल, भिंतींवर म्हाताऱ्याच्या फोटोची पत्रकं. फोटो अजेनिमच्या काकाचा आहे, काका जिवंत आहे. पेटी उचलायला जड ओझ्याची सवय असलेली माणसं हवीत. मी, झिएम आणि रांगेतले दोघे ठरलो. मी पुढे उजवीकडे.

राणीआई कंदांच्या ढिगावर बसून ऐकत होती. म्हणाली, ‘माझ्या आजीच्या वेळी पेटी डोक्यावर घ्यायचे आणि मेलेल्याला विचारायचे, तुला कोणी खाल्लं? मग पेटी आपोआप चालायची. ज्यानं मारलं त्याच्या दारावर जाऊन धडकायची. सरकारनं बंद केलं ते.’

‘का बंद केलं?’ मी विचारलं.

‘पेटी फार वेळा गरिबाच्याच दारावर जायची.’

अजेनिमचे डोळे लकाकले. ‘राणीआई, हेच करू! गंमत म्हणून. पेटी फिरेल, फिरेल, आणि शेवटी आमच्या रेडिओच्या दारात येईल. तिथे केक कापू.’

‘मेलेल्याची गंमत करू नये,’ राणीआई म्हणाली.

‘पण तो मेलेला नाहीच आहे की, आई! तो जन्मालाच आलेला नाही!’

सगळे हसले. राणीआई हसली नाही. पण पेटीत घालायला कंद तिनंच दिले, किडके. रिकामी पेटी हमालांच्या डोक्यावर उडते ना.

९ नोव्हेंबर, शनिवार

जसं घडलं तसं लिहितो.

खूप गर्दी. लोक खरोखर रडत होते. एक बाई जमिनीवर लोळली, ‘अमोआको, आम्हाला कोणाच्या भरवशावर टाकलंस!’ आम्ही पेटी डोक्यावर घेतली. कंद आत गडगडले, मग बसले. अजेनिम भोंग्यात ओरडला, ‘म्हाताऱ्या, बोल! तुला कोणी खाल्लं?’ ढोल थांबले.

आणि पेटी ओढायला लागली.

आईशप्पथ, मी ढकललं नाही. माझं अंग आपोआप गेलं. उजवीकडे गेलो. रेडिओचं दार डावीकडे होतं. मागून झिएम ओरडला, ‘अरे कुठे चाललास?’ मी म्हणालो, ‘मी नाही, ती चाललीय!’ आणि तेव्हा ते सगळे पण मान्य करत होते, आत्ता खोलीत झिएम काहीही म्हणू दे. गर्दी बाजूला होत गेली. गल्ली आली. मला दिसत होतं, दुफी दारात उभी होती, हात पिठाचे, आधी हसत. बाफोर तिच्या मागे. पेटीनं आणखी जोर केला.

एकदा धडकली. पत्रा वाजला. दुसऱ्यांदा धडकली. झाकण उघडलं आणि कंद तिच्या पायापाशी, तिच्या चुलीत, तिच्या रश्श्यात पडले.

मग लोक हसणार, तेवढ्यात मागच्या दारातून म्हातारी आली. डोक्याचं फडकं सुटलेलं. ती पेटीला मिठी मारून ओरडली, ‘ताची! माझ्या लेकरा! तूच आलास! मला माहीत होतं तू येणार!’

दुफी म्हणाली, ‘आई, ते कंद आहेत. बघा, कंद.’

म्हातारी म्हणाली, ‘तीन वर्षं वाट बघितली तुझी. सांगितलंस रे बाळा, सांगितलंस.’

मग कोणी तरी बाई हुंदका देऊन रडायला लागली. मग आणखी. अजेनिमनं भोंगा बंद केला. मला वाटलं ह्याला आता वाईट वाटलं, पण तो म्हणाला, ‘हे कोणी रेकॉर्ड केलं का?’

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ताचीचे मामा आले, दोन म्हातारे आणि एक छत्री. घरात बसले. म्हातारीचं म्हणणं, हिला आजच काढा. दुफी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि तिनं एक तोड काढली. सगळी गल्ली ऐकत होती, मी पण.

‘मामा, दवाखान्याचा कागद दाखवला तर तुम्हाला वाचायचा नाही. देवळात शपथ घेतली तर म्हणाल खोटी. तुम्हाला रेडिओ खरा वाटतो ना? रविवारी शेवटचा भाग आहे. रविवारी कळेल भांडं कोणी घासलं आणि कोणी मारलं. तोवर मला राहू द्या. त्यात मी दोषी निघाले तर मी माझी पावलं उचलीन.’

दोघे म्हातारे एकमेकांकडे बघून कुजबुजले. छत्री आपटून म्हणाले, ठीक. न्यायाचं आहे.

बाहेर येऊन ती मला म्हणाली, ‘काय बघतोस? मला शेवट माहीत आहे. अमोआकोच्या भावानं मारलं, कुमासीहून आणलेल्या दारूतून. माझं सगळं बोलणं गेल्याच आठवड्यात रेकॉर्ड झालंय. मी निर्दोष आहे, मी रडते, आणि सगळे माझ्या पाया पडतात.’

हुशार बाई. मी तिला तसं म्हणालो पण.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

अजेनिमनं निरोप धाडून बोलावलं. रेडिओच्या खोलीला आतून अंड्यांचे पुठ्ठे लावलेत, आवाज घुमू नये म्हणून. मी मायक्रोफोनला हात लावला. गार असतो.

‘डिटेक्टिव, शेवट बदललाय,’ तो म्हणाला. ‘शनिवारनंतर भाऊ खुनी निघाला तर लोक माझी पेटी काढतील. गावाला कोनाडू हवी, गावाला कोनाडू देतो.’

‘दुफीला विचारलं?’

‘ती करणार नाही. म्हणून ही आणलीय.’

केस विंचरायच्या दुकानातली एक मुलगी बसली होती, च्युइंगम चघळत. तिनं च्युइंगम काढलं आणि बोलायला लागली, आणि मी दचकून मागे बघितलं. हुबेहूब दुफी. ‘हो, मीच घासलं भांडं. मीच घातलं विष.’ तिच्या रडण्यात ती दुफीसारखा नाकातून श्वाससुद्धा घेते.

मग अजेनिम मला म्हणाला, ‘आणि अमोआकोच्या भुताला एक वाक्य आहे. पेटी तूच नेलीस, तर भूत तूच हवंस. हे वाच.’

मी वाचलं. ‘कोनाडू, तूच मला मारलंस.’ तीनदा वाचलं. तो म्हणाला दुसरं चांगलं होतं. उच्चाराला हसला नाही. भुताचा उच्चार कसाही चालतो म्हणाला.

माझा आवाज, नावासकट, शेवटच्या भागात. गावाकडे आई ऐकणार नाही, तिथे हा रेडिओ लागत नाही. पण फोनवर पाठवीन.

दुफीला सांगू नकोस, असं त्यानं बजावलं. मला तरी वाटतं तिला शेवटी आवडेल. खुनी हेच सगळ्यांत मोठं काम असतं. निर्दोष बायका कोणाच्या लक्षात राहतात?

१६ नोव्हेंबर, शनिवार

दुफी कसावा सोलत होती, मोठ्या पातेल्यांची रांग लावून. उद्या सगळ्या गल्लीला फुकट जेवण. मामांना, म्हातारीला, हमालांना. रेडिओ बाकावर मधोमध ठेवणार. ‘ऐकतील आणि जेवतील,’ ती म्हणाली. ‘माझ्या हातचं जेवतील. तू पुढे बस हं, पोरेकू. एवढे दिवस तू एकटाच जेवलास माझ्याकडे, ते मी विसरले नाही.’

माझ्या ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण बाफोर तिच्या शेजारी बसून कसावा सोलत होता आणि सालं माझ्या पायाकडे उडवत होता. मी म्हणालो, येतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काल सगळे आले होते. मामा खुर्च्यांवर, छत्री मधे. म्हातारी रेडिओजवळ. दुफी पांढऱ्या कपड्यात, खटला जिंकलेली बाई नेसते तसं. सगळ्यांपुढे वाडगे वाढलेले, वर मांस तरंगत होतं, वाफ येत होती. कोणी हात घातला नव्हता. ‘आधी ऐकू,’ मामा म्हणाले. मला भूक लागली होती, पण पहिला हात घालणारा मी कोण?

अर्धा भाग भाऊ, दारू, पोलीस. दुफी मान डोलवत होती, ओठांतल्या ओठांत वाक्यं पुटपुटत होती. मग पोलीस म्हणाला, ‘कोनाडू, आता खरं सांग.’ दुफीनं आपलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि रेडिओतून तिचाच आवाज आला.

‘हो. मीच घासलं भांडं.’

ती हसलीच आधी. म्हणाली, ‘हे मी नाही.’ मग उभी राहिली. ‘मामा, हा माझा आवाज नाही. मी इथे उभी आहे!’

‘मीच घातलं विष,’ रेडिओ म्हणाला आणि नाकातून श्वास घेतला.

‘हे मी नाही! अजेनिमला बोलवा! पोरेकू, सांग यांना, तू ओळखतोस माझा आवाज!’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलणार, तेवढ्यात ढोल वाजले आणि मी बोललो. म्हणजे रेडिओतून. ‘कोनाडू, तूच मला मारलंस.’ एकदम स्वच्छ आला आवाज, घुमला नाही. झिएमनं माझ्या पाठीवर थाप मारली.

दुफी माझ्याकडे बघत राहिली. ओरडली नाही. ‘तू पण?’ एवढंच म्हणाली. मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं. आनंदाचं नाही, असंच येतं तसं.

मग म्हातारीनं आपला वाडगा उचलून दुफीच्या तोंडावर मारला. रस्सा गरम होता. पोरं ओरडायला लागली, ‘कोनाडू, भांडं घास! कोनाडू, भांडं घास!’ उखळ उलटं केलं, छपराचे खांब उपटले, पत्रा खाली आला. मामा सारखे म्हणत होते, ‘मारू नका, तिनं शब्द दिलाय, ती जाईल.’ बाफोर उठला. मला वाटलं आता हा कोणाला तरी धरणार. त्यानं पाण्याच्या भांड्यात हात धुतले, जेवला नव्हता तरी, आणि ट्रककडे गेला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला.

आज पहाटे ती अक्राच्या ट्रकवर मागे, कंदांवर बसून गेली. आम्हीच भरला होता तो. चेहऱ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. राणीआईनं ड्रायव्हरला सांगितलं, भाडं घेऊ नकोस. मी खाली उभा होतो. तिला वर चढायला हात देणार होतो, पण झिएमनं आधी दिला.

तिची पातेली गल्लीत तशीच भरलेली होती. म्हातारीनं माणसं लावून ती गटारापाशी ओतली. बाजारातली सगळी कुत्री आली. हाडंसुद्धा ठेवली नाहीत, फरशी चाटून काढली. आम्ही काम टाकून बघत बसलो. दुपारपर्यंत तिथे निम्मा बाजार जमला होता. कोणी म्हणे तासाभरात पडतील, कोणी म्हणे संध्याकाळी.

कुत्री सावलीला जाऊन झोपली. संध्याकाळी उठली, एकमेकांच्या अंगावर भुंकली, पुन्हा गटाराकडे येऊन हुंगायला लागली.

झिएम म्हणाला, ‘मेली नाहीत रे.’

मी म्हणालो, काही विषं हळू चढतात. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. उद्या सकाळी पुन्हा बघायचं ठरलंय.